दोन भटके

माझी उपजीविका एका लहानशा संगणकावर चालते. त्यामुळे महिनाभर चिखलदऱ्यात, पुढला अकोल्यात, मग थेट कच्छच्या रणात, असे बिऱ्हाड पाठीवर टाकून मी हिंडू शकतो. लोक याला स्वातंत्र्य म्हणतात, थोडा हेवाही करतात. तिकीट काढले की मेळघाटातले वाघाचे रानसुद्धा मला खुले होते. कोठून आलात, कशाला आलात, असे कोणी दरडावून विचारीत नाही.

आता दुसरा भटक्या पाहा. कच्छचे रबारी उंट-मेंढ्या घेऊन पिढ्यान्‌पिढ्या विदर्भात येतात. रिकाम्या शेतात मेंढ्या बसवायच्या. शेतकऱ्याला खत, जनावरांना चारा, असा हा रोकडा व्यवहार. २०२२ च्या जानेवारीत अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरला त्यांचे ५८ उंट पोलिसांनी अडवले. कत्तलीसाठी नेत आहेत, अशी तक्रार होती. चालता चालता झाडांचा पाला ओरबाडणारी ती जनावरे अमरावतीच्या गोरक्षणात कोंडून पडली.

तक्रार करणाऱ्याच्या मनात दया नव्हती, असे मी म्हणणार नाही. पण जो एका जागी राहत नाही तो काहीतरी लपवीत असणार, हा आपला ग्रह फार जुना. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ साली गेला, ग्रह राहिला. मला मात्र तो लागत नाही. परत जायचे घर माझ्या कागदांवर आहे, म्हणून माझे हिंडणे हौस ठरते. ज्याचे घरच उंटाच्या पाठीवर चालते, त्याने कोणता कागद दाखवावा?