मागची बैठक

आपल्या वस्तूत माणसाने किती फेरफार करावा, हा मला परवापरवापर्यंत प्रश्नच वाटत नव्हता. वस्तू आपली, पैसा आपला. मग इतरांनी त्यात बोलायचे कारण काय? पण गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात आमच्या चिरंजिवांनी माझी १९८४ सालची बुलेट पडवीत घेतली, हाती पाना धरला आणि जाहीर केले, “बाबा, हिची मी कॅफे रेसर करणार.”

हा प्रकार काय, ते त्यानेच मला समजावून दिले. १९५० नंतरच्या काळात इंग्लंडातल्या कामगार तरुणांच्या खिशात चार पैसे खुळखुळू लागले. शर्यतीची गाडी घेण्याची ऐपत नव्हती. मग ते साधीच मोटारसायकल घेत आणि वेगाला नको असेल ते ते घरीच उतरवून टाकीत. उंच हँडल जाऊन आखूड, खाली झुकलेले येई. पाय ठेवायच्या खुंट्या मागे सरकत. कोणी तर नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसवून ‘ट्रायटन’ नावाची तिसरीच गाडी उभी करी. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरचे ‘एस कॅफे’ हा त्यांचा एक प्रसिद्ध अड्डा. ते १९३८ साली निघाले, युद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झाले, १९४९ साली पुन्हा बांधले गेले. ताशी शंभर मैलांचा वेग गाठायचा, ही त्या पोरांची महत्त्वाकांक्षा. कॅफे १९६९ साली बंद पडले, २००१ साली पुन्हा उघडले; वेड मात्र फिरत फिरत आमच्या पडवीपर्यंत आले.

कबूल करतो, मला त्याचे कौतुकच वाटले. इतकी वर्षे मी ती गाडी चालवली, पण कोणता नट काय धरून ठेवतो हे मला ठाऊक नव्हते. मालक मी, ओळख मात्र त्याची झाली.

मग एके दिवशी साडीगार्ड निघाले. मागे बसणाऱ्याला धरायला काही असावे, पाय टेकायला जागा असावी आणि त्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाला निम्मे तरी आवरण असावे, असा आपल्याकडे नियमच आहे. ती जाळी हातात घेऊन मी विचारात पडलो. जिच्या हाती हँडल नाही, तिच्या पदराची काळजी कोणीतरी आधीच वाहिली होती.

“आता मागचा सांगाडा कापायचा,” चिरंजीव म्हणाले. एकट्यापुरतीच बैठक हवी होती. ग्राइंडरही आणून ठेवला होता.

नट सैल करणे वेगळे आणि लोखंड कापणे वेगळे. सैल केलेला नट उद्या पुन्हा आवळता येतो. मी हे बोलणार, तोच मला आमचा सोपा आठवला. पंगतीचा तो सोपा पाडून मी स्वतःपुरती लिहिण्याची खोली केली, तेव्हा माझे वडील नुसते पाहत उभे होते. पंगती कमी झाल्या होत्या हे खरे; पण सोपा गेल्यावर त्या बसायच्याच थांबल्या. आता कोणत्या तोंडाने मुलाला अडवू?

तेवढ्यात हिने चहा आणला. सीटकडे पाहून सहज म्हणाली, “तू झालास तेव्हा दवाखान्यातून याच सीटवरून तुला घरी आणले. हे चालवत होते, मी मागे.”

त्यावर कोणीच काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ग्राइंडर परत गेला.

एकट्याची बैठक झाली, पण जुन्याच भोकांत बसणारी. लांब सीट आणि साडीगार्ड तेल लावून गोणपाटात गुंडाळले गेले. नव्या पिढीने जुन्यातले काही काढूच नये, असे मी म्हणणार नाही. मीही काढले आहे. पण काढलेले परत बसवण्याची वाट आपण ठेवली नाही, तर मागून येणाऱ्याच्या वतीने निर्णय आपणच घेऊन मोकळे होतो. मी तसा मोकळा झालो होतो. मुलगा झाला नाही.

गेल्या पाडव्याला सकाळी पडवीत खडखड ऐकू आली. मुलाने जुनी सीट चढवली होती, साडीगार्ड लावले होते. “चला आई, देवळात जाऊन येऊ,” म्हणाला. ही पदर खोचून मागे बसली. मी दारात उभा राहून पाहत होतो. माझे वडील उभे राहत, तसाच.