पाहणे आणि खेळणे

नागपूरजवळच्या जामठा मैदानावरचा क्रिकेट सामना शहरातल्या प्रताप नगरात घरोघरी पाहिला जातो. पण गीतेतल्या निष्काम कर्माचा धडा पाहण्यातून मिळतो की खेळण्यातून? माझ्या मते खेळण्यातूनच. जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत नागपूरच्याच बुद्धिबळपटू दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीशी दोन क्लासिकल डाव बरोबरीत सोडवले आणि टायब्रेकमध्ये महिला विश्वचषक जिंकला. अशा वेळी चषक विसरून पुढची चाल शोधावी लागते. प्रेक्षकाच्या हाती चालच नसते. उरते ती निकालाची ओढ. कोणी म्हणेल, पाहतानाही माणूस स्वतःला विसरतो. खरे आहे, पण आपला संघ हरल्यावर चिडणारा प्रेक्षक आसक्तच असतो. खेळाडूलाही फळ हवे असते, तरी पराभव पचवून त्याला पुन्हा पटावर बसावेच लागते. म्हणून सामना जरूर पाहा, पण स्वतःही मैदानात उतरा.