बोटाला सापडणारी जागा

भर पावसात कोंडाणे लेण्याच्या चैत्यगृहात उभं राहिलं, की पाठीमागे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला अंधार असतो आणि समोर, वरच्या कातळावरून कोसळणाऱ्या पाण्यापलीकडे, राजमाचीच्या पायथ्याचं रान लख्ख उजळलेलं असतं. हातात रोलचा कॅमेरा असेल, तर आतल्या नक्षीला १/१५ सेकंद द्यावा लागतो आणि बाहेरच्या पाण्याला १/२५० पुरतो. पंधरावरून अडीचशे, म्हणजे शटर स्पीडचे चार टक. डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असताना हे चार टक कुठलं बोट मोजणार?

बहुतेक कॅमेऱ्यांनी ते काम उजव्या हाताकडे दिलं. निकॉनच्या १९७७ च्या एफएमवर आणि १९८२ च्या एफएम-२ वर स्पीडची डायल माथ्यावर, शटरच्या बटणाशेजारी आहे. जागा जवळचीच, पण ती फिरवायला तर्जनीला बटण सोडावं लागतं, बहुधा अंगठ्याचीही मदत लागते, आणि तेवढ्यात कॅमेऱ्यावरची पकड ढिली होते. एफएमचा मीटर चालू करायला रोल सरकवायचा खटका थोडा बाहेर ओढून ठेवावा लागतो. उजव्या डोळ्याने पाहणाऱ्याला तो जाणवतही नाही. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्याच्या मात्र कपाळाला टोचतो. आखणाऱ्याच्या मनात कोणता माणूस होता, ते अशा ठिकाणी कळतं.

१९७२ साली योशिहिसा माइतानी यांनी आखलेला ऑलिंपसचा कॅमेरा आला, पुढे ओएम-१ या नावाने ओळखला गेलेला. त्यांनी स्पीडचं कडं लेन्सच्या मुळाशी बसवलं. ही कल्पना त्यांच्याआधी, १९६५ मध्ये, निकॉनच्या निक्कॉरमॅटवर आली होती, पण माइतानींनी तिच्याभोवती सगळा कॅमेरा रचला. मुळाशी स्पीड, मध्ये फोकस, टोकाला ॲपर्चर. लेन्सला खालून आधार देणारा डावा हातच तिन्ही कामं करतो, उजव्याकडे फक्त बटण आणि खटका. माथ्यावर जिथे इतरांची स्पीडची डायल असते, तिथे फिल्मची संवेदनक्षमता ठरवायची चकती आहे, कारण तिला रोल भरताना एकदाच हात लागतो. ज्याला हात सतत लागतो ते हाताखाली आणि क्वचित लागतं ते दूर, ही मांडणी मला फार मोलाची वाटते. माणसाचं लक्ष मोजकंच असतं, ते समोरच्या पाण्यासाठी राखून ठेवावं, अशी काळजी त्यामागे आहे.

लेण्याच्या वाटेवरून उल्हास नदीच्या दरीपलीकडे बोर घाटाची रेल्वे दिसते. कर्जतला मागे जोडलेली इंजिनं गाड्यांना वर ढकलत असतात. या घाटाचे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका पुढे चालवला. १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. बांधकामाच्या छायाचित्रांचा संग्रह ॲलिस यांच्याच नावावर आहे. तेव्हाच्या कॅमेऱ्यावर स्पीडची डायल नव्हती. भिंगावरचं झाकण काढायचं, मनात सेकंद मोजायचे, झाकण लावायचं. मोजणारं मन आणि झाकण धरणारा हात यांच्यामध्ये दुसरं काही नव्हतं. नंतरच्या शंभर वर्षांत मध्ये डायली आल्या, चकत्या आल्या. माइतानींचं कडं मला त्या जुन्या हाताच्या जवळचं वाटतं.

एक उणीव मात्र खरी. ओएम-१ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये स्पीडचा आकडा दिसत नाही, एफएममध्ये दिसतो. पण कड्याला टोक आहे. लेण्याच्या अंधारात ते हजारावर टेकेपर्यंत फिरवायचं आणि तिथून उलट सहा टक मोजायचे, की पंधरा. डोळा नक्षीवरून काढावा लागत नाही.