शहराबाहेर म्हणजे कुणाच्या दारात?

"असल्या गल्ल्या शहराबाहेर न्यायला हव्यात," बंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या खाटीक गल्लीतून जाताना एक स्नेही गाडीची काच वर घेत म्हणाले. रविवारी त्यांच्याकडे मटण ठरलेलं. ते फोनवरून येतं, धुतलेलं, डबाबंद.

मांस खावं की नाही, हा वाद नको; दोन्ही बाजू सगळ्यांना तोंडपाठ आहेत. मला खटकलं ते 'शहराबाहेर'.

जुन्या बंगळुरूत धंद्याला पेठेचा मान होता: तांदळाची अक्कीपेटे, बांगड्यांची बळेपेटे, तेल्यांची गाणिगरपेटे. या नावाजलेल्या ओळीत खाटीक नाहीत. 1809 मध्ये इंग्रजांची छावणी आली आणि पलटणींना रोज मांस लागू लागलं. याच शिवाजीनगरात, 1927 सालच्या रसेल मार्केटच्या परिसरात आजही मांसबाजार आहे. पोट पलटणीचं भरलं, गटार मात्र गल्लीच्या वाट्याला आलं.

माझं म्हणणं एवढंच की धोका वेगळा आणि किळस वेगळी. 'एरो इंडिया' या विमान-प्रदर्शनाच्या वेळी, 2023 मध्ये, बंगळुरूच्या येलहंका हवाई दल तळाभोवती दहा किलोमीटरपर्यंत मांसविक्री बंद ठेवली होती. घारी विमानांवर आदळू नयेत म्हणून. कारण सांगितलं, मुदत सांगितली, मुदत संपल्यावर दुकानं उघडली. धोक्याला मुदत असते, उपाय असतो. किळसेला फक्त हद्दपारी सुचते.

जाता जाता एक मोहाची गोष्ट. कर्नाटक-तेलंगणातल्या आरे कटिक या हिंदू खाटीक समाजाच्या घरात मराठीशी नातं सांगणारी बोली बोलतात. बंगळुरू 1638 पासून शहाजीराजांची जहागीर. धागा जोडायला हात शिवशिवतात. पण पुराव्यावाचून जोडलेला धागा म्हणजे स्वतःलाच घातलेला हार. एवढं खरं की काच वर घेताना आपण कधी कधी आपल्याच भाषेवर ती चढवतो.

स्नेही म्हणाले, "आणि दुर्गंधी? ती रोमँटिक वाटते तुम्हाला?" हा टोला बसला. सत्तुरानं ओंडका खरवडणाऱ्या, 'मांडीचं देऊ की सीन्याचं' विचारणाऱ्या माणसाचं कौतुक मी करतो आणि घरी येतो. त्याची मुलं त्याच गटारावरून शाळेत जातात. मग हलवावंच का? मुंबईनं ते करून पाहिलं. 1971 मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला गेला, जिथे 1927 पासून शहराचा कचराही पडतोय. तिथेही माणसं राहतात. आपलं 'बाहेर' हे दुसऱ्या कुणाचं अंगण असतं.

गल्ली वाचवा, असं मी म्हणणार होतो. आता म्हणवत नाही. वारसा म्हणून जपायला निघालो तर त्या गटाराचीही जपणूक होईल. कापणं पालिकेच्या देखरेखीखाली, पाणी-निचऱ्याची सोय असलेल्या जागी होऊ दे. विक्री मात्र कुठल्याही रस्त्यावर, वाण्याच्या शेजारी, नावाची पाटी लावून होऊ दे. त्या दुकानाला भाड्यानं गाळा द्यायला माझे स्नेही तयार होतील का? आमची सोसायटी तरी होईल का? खरा वाद तिथून सुरू होतो.