ओवाळणी

भाऊबीजेला बहीण ओवाळते आणि भाऊ तबकात काही टाकतो. किती टाकले ते बहीण मोजत नाही. ओवाळणीचा धर्मच असा, की हिशेब आला की गोडी गेली. आपल्या सरकारकडून अंगणवाडीच्या सेविकांना व मदतनिसांना दिवाळीत जी रक्कम मिळते, तिला ‘भाऊबीज भेट’ म्हणतात. २०२५ साली ती २००० रुपयांची होती. हे नाव मला एकेकाळी फार आवडे. आता ते ऐकले की मी ओशाळतो. त्याचे कारण सांगतो.

आमच्या शाळेला लागूनच अंगणवाडीची खोली आहे. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभर सेविकांचा संप सुरू झाला आणि तो जानेवारीतही चालू राहिला. खोलीला कुलूप होते. पहिले काही दिवस चार-सहा पोरे ताटल्या घेऊन पायरीवर येऊन बसत. मला राहवले नाही. बाजारात बाई भेटल्या, तेव्हा मी म्हणालो, “बाई, पोरांची काही माया?”

त्या शांतपणे म्हणाल्या, “गुरुजी, मायेचे पैसे मी कधी मागितलेच नाहीत. कामाचे मागते आहे. मार्चात तुम्ही पेन्शनसाठी संपावर गेलात, तेव्हा तुमची माया कुणी विचारली होती का?”

मी निरुत्तर झालो.

त्या रात्री मी त्यांचे काम मनाशी मांडून पाहिले. पोरांची वजने करायची, नोंदी ठेवायच्या, लसीसाठी घरोघर सांगायचे, खाऊ घालायचे, गाणी शिकवायची. पहिलीच्या वर्गात जे मूल न रडता बसते, ते त्यांनी बसते केलेले असते. कौतुक मात्र माझे होते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम मांडले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, असा त्यांचा विचार. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारी योजनेने अंगणवाडी देशभर नेली. काम पसरले, पण करणारीला पगार नाही, ‘मानधन’. केंद्राने २०१८ साली सेविकेसाठी महिना ४५०० आणि मदतनिसासाठी २२५० रुपये ठरवले. त्यात राज्य आपली भर घालते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे आणि मानधन हेही वेतनच. न्यायालयाला शब्दाआडचे काम दिसले. मला शेजारी राहून दिसले नव्हते.

कुणी म्हणेल, मायेच्या कामात पैशाची भाषा आली तर माया आटेल. मला तसे वाटत नाही. एक तारखेला पगार घेतल्याने माझा वर्गातल्या पोरांवरचा जीव कधी कमी झाला नाही. उलट घरची चूल निश्चिंत असली की आवाजात गोडवा राहतो. आपण मात्र एखाद्या कामाला अमोल म्हणतो आणि त्याचे मोल द्यायचे तेवढे टाळतो.

ओवाळणी जरूर द्यावी. पण माझी बहीण माझ्या ओवाळणीवर घर चालवत नाही. म्हणूनच तर ती ते पैसे मोजत नाही.