सेवेची वही

या हाताने दिलेले त्या हातास कळू नये, हा संस्कार आपणा सर्वांवर लहानपणीच झालेला असतो. (देवळांच्या पायऱ्यांवर दात्यांची नावे कोरलेली असतात, ही गोष्ट निराळी!) मग सेवा करणाऱ्याने आपले नाव व आल्यागेल्याची वेळ वहीत नोंदवावी, हे कितपत उचित?

अमेरिकेतील मिझुरी राज्यात जॉप्लिन नावाचे शहर आहे. २२ मे २०११ रोजी, रविवारी सायंकाळी, टोर्नॅडो म्हणजे भोवऱ्यासारखे गरगरत येणारे वादळ त्यावरून गेले. दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. हजारो घरे मोडली. पाठोपाठ देशभरातून स्वयंसेवक लोटले. अमेरिकॉर्प्स या सेवायोजनेच्या तुकडीने त्यांची नोंद ठेवून त्यांना कामे वाटून दिली. कोणी पडलेली झाडे कापली, कोणी मोडके वासे व पत्रे रस्त्याकडेला वाहून नेले.

नोंद कशासाठी? तेथे अशा आपत्तीतील खर्चाचा मोठा भाग मध्यवर्ती सरकार सोसते, उरलेला राज्याने व गावाने भरावयाचा असतो. या उरलेल्या भागात स्वयंसेवकांच्या श्रमाचे मोल, तशाच कामाच्या मजुरीच्या दराने, वळते करून घेता येते. मात्र नाव, ठिकाण, काम आणि तास लिहिलेले हवेत. न नोंदविलेल्या श्रमाने ओंडका हलतो. गावाचा बोजा मात्र तेवढाच राहतो.

तेव्हा ‘मला नाव नको’ म्हणून वहीकडे पाठ फिरविणाऱ्याच्या विनयाची किंमत कोण देतो? ज्याचे छप्पर उडाले तोच! गीतेने फलाची आसक्ती सोडावयास सांगितले आहे. दुसऱ्याच्या पदरी पडणारे फळ वाया दवडावयास नव्हे. अशा ठिकाणी सही करणे हाच मला अधिक निरहंकारी मार्ग वाटतो.

परंतु शंका उरतेच. मोजता येते तेच काम मोठे वाटू लागण्याचा धोका वहीत असतो. समजा, ओंडके वाहता वाहता एखादा स्वयंसेवक थांबला आणि घर गमावलेल्या वृद्धेजवळ बसून चिखलातून तिच्या पतीचा फोटो शोधू लागला. तास गेला, ढिगारा तसूभरही हलला नाही. सायंकाळी सही करताना हा तास त्याने ‘ढिगारा उपसणे’ या कामात धरावा, की प्रामाणिकपणे वजा करावा? धरला तर हिशेब खोटा. वजा केला तर त्या तासाला मोलच नव्हते, असे स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखे होते. मी वजा केला असता, पण लेखणी अडखळली असती.