बाणाचे टोक कोणाच्या मुठीत?

मदीनेतील मस्जिदीत एकदा एक मनुष्य बाण घेऊन आला. तो कोणावर हल्ला करण्यासाठी आला नव्हता. हदीसमध्ये नमूद आहे की, ते बाण तो लोकांना दान म्हणून वाटत होता. तरीही आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्याला ताकीद दिली की, बाणांची टोके मुठीत धरूनच लोकांमधून जावे. मस्जिद असो वा बाजार, दोन्ही ठिकाणी हाच नियम सांगितला गेला. कारण एवढेच की, कोणाला ओरखडाही येऊ नये.

या प्रसंगावर थोडा विचार करा. त्या मनुष्याची नियत स्वच्छ होती, बाण त्याच्या मालकीचे होते आणि काम पुण्याचे होते. तरीही त्याच्यावर अट घालण्यात आली. ती अट त्याच्या चारित्र्यावर अविश्वास म्हणून नव्हती. ती बाणाच्या धारेमुळे आणि आसपासच्या गर्दीमुळे होती. सामान्य नागरिकाच्या हाती कोणती शस्त्रे असावीत, या आजच्या प्रश्नाचे बीज या छोट्याशा प्रसंगात आहे.

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात जुमाच्या नमाजसाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. अन-नूर मस्जिद आणि लिनवुड इस्लामिक सेंटर येथे मिळून ५१ जण मृत्युमुखी पडले. मृतांत भारतीयही होते. मारेकऱ्याने शस्त्रे चोरली नव्हती. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला रीतसर परवाना मिळाला होता आणि बंदुका त्याने दुकानांतून विकत घेतल्या होत्या.

येथे एक फरक समजून घेतला पाहिजे. पूर्ण स्वयंचलित बंदुकीचा चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. अर्धस्वयंचलित बंदुकीत प्रत्येक गोळीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. मात्र पुढची गोळी आपोआप जागेवर येते. न्यूझीलंडमध्ये अर्धस्वयंचलित बंदूक लहान मॅगझीनसह साध्या परवान्यावर मिळत असे, तर मोठे मॅगझीन वेगळे विकत घेण्यास परवानाच लागत नसे. दोन्ही जोडले की शिकारीचे साधन युद्धाचे शस्त्र बनत असे. कायद्याने बाणाचा दांडा धरला होता, टोक मोकळे सोडले होते.

१० एप्रिल २०१९ रोजी, म्हणजे महिना उलटण्याच्या आत, तेथील संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली. २० डिसेंबरपर्यंत चाललेल्या योजनेत मोबदला देऊन पन्नास हजारांहून अधिक शस्त्रे परत घेण्यात आली.

आता प्रश्न असा की, एका अत्याचाऱ्याच्या अपराधापायी हजारो निरपराध मालकांवर बंधन घालणे न्याय्य आहे काय? हा आक्षेप हलका नाही. एकाच्या पापाचे ओझे दुसऱ्याने वाहू नये, ही तर कुरआनचीच शिकवण आहे. परंतु बंधन आणि शिक्षा या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाण घेऊन आलेल्या त्या मनुष्याला शिक्षा झाली नव्हती. न्यूझीलंडमध्येही मालकांना गुन्हेगार ठरवले गेले नाही. त्यांना मुदत आणि मोबदला मिळाला, आणि शिकारीच्या साध्या बंदुका त्यांच्याकडेच राहिल्या. इस्लाममध्ये मालमत्ता ही अल्लाहची अमानत आहे. इतरांना हानी पोहोचवणारा वापर मालकी हक्कात बसत नाही आणि लाभ मिळवण्यापेक्षा हानी टाळणे अग्रक्रमाचे मानले जाते, हे फिकहचे मान्य सूत्र आहे.

दुसरा आक्षेप स्वसंरक्षणाचा. आपल्या प्राणाचे व मालमत्तेचे रक्षण करताना मरण पावलेल्यास हदीसमध्ये शहीदाचा दर्जा दिला आहे. हा हक्क निर्विवाद आहे. पण फकीहांनी त्याला मर्यादाही सांगितली आहे: हल्ला जेवढ्या बळाने परतवता येईल, तेवढेच बळ वापरावे. क्षणात डझनावारी गोळ्या ओकणारे शस्त्र हल्लेखोर आणि वाटसरू यांच्यात कोणता विवेक करणार?

तिसरा आक्षेप असा की, गुन्हेगार कायदा पाळत नाही. येथे मात्र मारेकरी कायद्याच्याच दारातून आत आला होता. परवान्यासाठी त्याच्याविषयी ग्वाही देणारे लोक त्याला पुरेसे ओळखतात का, याची पोलिसांनी नीट खातरजमा केली नाही, असे शाही चौकशी आयोगाला आढळले. ग्वाही ही किती मोठी जबाबदारी आहे, हे श्रद्धावंतांना वेगळे सांगावयास नको. अर्थात, कायदा द्वेष नष्ट करू शकत नाही. अंतःकरणाची शुद्धी हे कायद्याचे कामही नव्हे. परंतु द्वेषाच्या हातात काय पडावे, हे तो ठरवू शकतो.

याच क्राइस्टचर्चमध्ये फरीद अहमद या गृहस्थांची पत्नी हुस्ना शहीद झाली. स्त्रिया व मुलांना बाहेर काढून ती चाकाच्या खुर्चीवरील पतीसाठी परत येत होती. फरीद अहमद यांनी मारेकऱ्याला क्षमा केली. त्यांच्या क्षमेपुढे मान झुकते. पण क्षमा हा पीडिताचा अधिकार आहे, तर पुढचा बळी जाऊ न देणे हे समाजाचे कर्तव्य आहे. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. एका प्राणाचे रक्षण म्हणजे संपूर्ण मानवजातीचे रक्षण, असे कुरआन मानतो. तो प्राण कोणत्या धर्माचा, हे तेथे विचारलेले नाही.

आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार स्वयंचलित शस्त्रे निषिद्ध वर्गात मोडतात. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदोत्सवात बेपर्वाईने गोळीबार करणेही दंडनीय ठरवले. तेव्हा हा विषय दूरदेशीचा समजून पान उलटू नका. आपल्या घरी बंदूक नसेलही. पण अल्पवयीन मुलाच्या हाती दिलेली मोटारसायकलची किल्ली, मिरवणुकीत हौसेने उपसलेली तलवार, या गोष्टीही धारदारच आहेत. ‘माझी नियत चांगली आहे’ हे उत्तर त्या मनुष्याजवळही होते. तरीही त्याला टोके मुठीत धरावी लागली. टोक मुठीत धरले की पहिला ओरखडा धरणाऱ्याला येतो, दुसऱ्याला नाही. श्रद्धावंताकडून अपेक्षा हीच आहे. अल्लाह आपणा सर्वांना ती पूर्ण करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.